माया धरलेली आहे का?

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला ग्रुपवर लिंक टाकायची, हा लिंकताईंचा नेम. चार वर्षांत तो एकदाच चुकला, तोही नवऱ्याचं अपेंडिक्स ऐन रविवारी बिघडलं म्हणून. त्या सोमवारी त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून साडेनऊला लिंक टाकली आणि उशिराबद्दल सगळ्याजणींची माफी मागितली. नवऱ्याची मागायची अजून राहिली आहे.

ग्रुप होता घरच्या घरी शिवणाऱ्या बारा बायकांचा. दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या जमत. तिथे तीन मशिनी होत्या, एक लांबलचक टेबल होतं आणि एक इस्त्री होती, जी तापली की खाली वाचत बसलेली माणसं वर बघत. शिवायला तर सगळ्यांनाच यायचं. बस चालवणारी एक होती, तिची काजं दुकानातल्यापेक्षा सुबक. पण शिवणाचे ब्लॉग निघतात उदंड; त्यातला कोणता कामाचा आणि कोणता नुसता दिखाऊ, हे सांगणारी एकच होती. तिचं खरं नाव आता ग्रुपमधल्या दोघी-तिघींनाच आठवत असेल.

लिंकताईंची पारख सोपी होती. जो ब्लॉग कपड्याची उलटी बाजू दाखवत नाही, तो बाद. "सुलट काय, कुणीही गोड दिसतं," त्या म्हणायच्या. या एका नियमावर त्यांनी काय काय हुडकून काढलं होतं! एक निवृत्त कटर नऊ वर्षं फक्त खिशांबद्दल लिहीत होता. एक बाई चाकाच्या खुर्चीत बसून, बसणाऱ्या माणसांसाठी पाठीत न गोळा होणारी जाकिटं बेतायची. एका आईने जुळ्या मुलींचा एकच फ्रॉक दोनदा शिवून दोन्ही वेळच्या चुका शेजारी शेजारी मांडल्या होत्या.

"हे सापडतं कुठं हो तुम्हाला?" बायका विचारत.

"दिसतं आपलं," लिंकताई म्हणत, आणि तेवढ्यावर त्यांचे पुढचे तीन दिवस मजेत जात.

एकच ब्लॉग त्यांनी कुणालाही दिला नव्हता. त्याचं नाव 'उसवलेलं'. तीस वर्षं नाटकाचे पोशाख शिवलेल्या आणि दुरुस्त केलेल्या एका बाईचा होता तो. जुना कपडा टाका न् टाका उसवायचा, त्याच्या तुकड्यांवरून नवा बेतायचा आणि हे सगळं अशा गप्पांतून सांगायचं की वाचणाऱ्याचा चहा गार व्हावा. लिंकताईंना तो दोन वर्षांपूर्वी सापडला. पहिल्या सोमवारी त्यांचं बोट लिंकवर गेलंही होतं. मग वाटलं, पुढच्या सोमवारी टाकू. पुढच्या सोमवारी वाटलं, घाई काय आहे? तिसऱ्या सोमवारी त्यांनी स्वतःशी कबूलच केलं की हा आपला आपल्यालाच हवा. सगळंच वाटून टाकलं तर आपल्याकडे उरणार काय?

त्या ब्लॉगने त्यांना एकदा चांगलाच इंगा दाखवला होता. त्यावरचा पॅटर्न कागदावर उतरवून त्यांनी स्वतःसाठी जाकीट शिवलं, आणि ते इतकं आवळ झालं की घातल्यावर हात नमस्कारालासुद्धा जुळेनात. चूक मायेची होती. टीप मारायच्या रेषेबाहेर जे बोटभर कापड जादा सोडतात, ती माया. बहुतेक पॅटर्नमध्ये ती आधीच धरलेली असते. पण नाटकवाल्या बाईंचं म्हणणं असं, की पोशाख आज एकाच्या अंगावर, उद्या दुसऱ्याच्या. कुणाला केवढी माया लागेल ते मी कागदावर कशाला ठरवू? त्यांचे पॅटर्न नेमके शिवणीच्या रेषेपर्यंतच असत, माया ज्याची त्याने सोडायची. हे त्यांनी जुन्या कुठल्याशा पानावर एकदाच सांगितलं होतं. लिंकताईंना ते ठेच लागून कळलं, म्हणून पक्कं लक्षात राहिलं.

हे सगळं असं सुरळीत चाललं असताना गावात विहीणबाई राहायला आल्या.

विहीणबाई म्हणजे लिंकताईंच्या सुनेची आई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारले, मग लेकीच्या जवळ असावं म्हणून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. दिवसभर एकट्या काय करणार, म्हणून लिंकताईच त्यांना गुरुवारी घेऊन गेल्या. बॉबिन भरायला शिकवली, मशीन चालवताना पायावर किती भार द्यायचा ते दाखवलं, पहिली सरळ टीप मारून घेतली. बायका म्हणाल्या, "विहीण असावी तर अशी." लिंकताईंनाही तसंच वाटत होतं. तेव्हा वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी ग्रुपवर विहीणबाईंचा निरोप आला. "मी नवखी आहे, तुम्हा सगळ्यांना बहुधा ठाऊकच असेल. पण मला हे फार आवडलं." खाली लिंक होती. लिंकताईंनी ती उघडलीसुद्धा नाही. नुसतं नाव वाचलं आणि हातातला वरणाचा डाव पातेल्यात सुटला. 'उसवलेलं'.

झोपेपर्यंत ग्रुपवर एकेचाळीस निरोप आले. एरवी लिंकताईंच्या सोमवारच्या लिंकला अकरा यायचे, त्यातले चार अंगठे. ग्रंथपालबाईंनी लिहिलं, "इतकी वर्षं हा होता कुठे?" बसवालीने लिहिलं, "स्टॉपवर गाडी लावून वाचतेय, प्रवासी ओरडतायत." आणि कुणीतरी, कोण ते लिंकताई जन्मात विसरणार नाहीत, लिहिलं, "लिंकताई, तुम्हाला आता जोडीदारीण मिळाली बरं का!"

मला तो आधीपासून माहीत होता, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. पण ते लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: मग आम्हाला का नाही दिला? असा हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी लिंकताईंनी एक अंगठा पाठवला. त्या अंगठ्याला फार जोर लागला.

त्यानंतर त्यांना विहीणबाईंचं काहीच गोड लागेना. त्यांचा नीटस आवाज, बोलताना हवेत नकाशा काढणारं त्यांचं बोट, चष्म्याची साखळी. कालपर्यंत जिला बॉबिन वरून घालायची की खालून ते कळत नव्हतं, ती आज बायकांना ब्लॉग वाचून दाखवत होती आणि बायका टाचण्या तोंडात धरून ऐकत होत्या. लिंकताईंनी पुढच्या सोमवारी एकदम तीन लिंका टाकल्या. नऊ निरोप आले.

आणि मग नातीने भर घातली. सगळे तिला चिमणी म्हणत. वय पाच. जन्मल्यापासून तिच्या अंगावरचा एकूण एक कपडा लिंकताईंच्या हातचा होता. तिने दोन्ही आज्यांची नावं पाडली होती: ही शिवणआजी, ती नकाशाआजी. पुढच्या रविवारी मुलाकडे सगळे जमले असताना चिमणी विहीणबाईंच्या मांडीवर चढून म्हणाली, "आता मला दोन दोन शिवणआज्या!" सगळे हसले. लिंकताईही हसल्या. ते हसू घरी येईपर्यंत तोंडावर तसंच राहिलं, काढायचं सुचलंच नाही.

त्याच दिवशी ठरलं की थंडीसाठी चिमणीचा कोट विहीणबाई शिवणार. 'उसवलेलं'वर मोठ्या माणसाच्या जुन्या कोटातून लहान मुलाचा टोपीवाला कोट कसा काढायचा, त्याचा पॅटर्न होता. आणि विहीणबाईंकडे यजमानांचा लोकरी कोट होता, गडद निळा, कॉलरपाशी जरा झिजलेला. "पेटीत ठेवून कसर खाणार. त्यापेक्षा हिच्या अंगावर राहील," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही जरा लक्ष ठेवा हं," सून लिंकताईंना म्हणाली. "आमच्या आईचा पहिलाच कोट आहे."

"ठेवते की," लिंकताई म्हणाल्या.

गुरुवारी लांब टेबलावर तो कोट उसवून इस्त्री करून पसरला होता. पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या. वर कागदाचे तुकडे टाचलेले. कापड जेमतेम पुरत होतं. सगळ्याजणी भोवती उभ्या होत्या, कारण दुसरं कुणी पहिल्यांदा कात्री चालवतं ते बघायला कुणाला आवडत नाही? विहीणबाईंनी खडू हातात घेतला, कागदाची कडा बोटाने चाचपली आणि मान वर केली.

"विहीणबाई," त्यांनी लिंकताईंना विचारलं, "यात माया धरलेली आहे का?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही लिंकताईंच्या ओठांवर होतं. नाही, बोटभर सोडा. पण भोवतीच्या अकरा बायका विहीणबाईंकडे बघत होत्या. ज्या नजरेने चार वर्षं लिंकताईंकडे बघत आल्या, अगदी त्याच नजरेने. ते बघितलं आणि लिंकताईंनी आपल्याच तोंडून ऐकलं, "असते हो. चांगल्या ब्लॉगवर धरलेलीच असते."

"मग कागदाच्या कडेने कापू?"

"कापा की."

जाड लोकर कापताना कात्रीचा आवाज होतो. घास चावल्यासारखा, सावकाश. आधी पाठ कापली गेली. लिंकताई सुईत दोरा ओवत राहिल्या. अजून सांगता आलं असतं, बाकीचे तुकडे वाचले असते. पुढचे भागही कापले गेले. दोरा सुईच्या नेढ्यातून हुकला. बाह्यांची वेळ आली तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं, आता सांगून काय उपयोग, आता तर पाठ कापून झालीच आहे. माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नसतो.

घरी जाताना त्यांना थोडा आनंदही झाला होता, हे सांगितलंच पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तो टिकला. तिथून पुढे फक्त तो निळा कोट डोळ्यांसमोर राहिला. व्याह्यांना तो घालून त्यांनी कितीदा बघितलं होतं. लग्नाच्या बोलणीलाही तोच घालून आले होते.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. ग्रुपवर विहीणबाईंचं अक्षर नाही. लिंकताई दर थोड्या वेळाने मोबाइल बघायच्या आणि ओरडा झालेला नाही म्हणून हायसं वाटण्याऐवजी जास्तच धास्तावायच्या. "कुणाची वाट बघतेस?" नवऱ्याने विचारलं. "कुणाची नाही," त्या म्हणाल्या आणि त्याची बिनतुटलेली बटणं तोडून पुन्हा लावत बसल्या.

रविवारी नवऱ्याबरोबर मुलाकडे गेल्या तर दार चिमणीनेच उघडलं. अंगात निळा कोट.

कोट झाला होता, पण कसा? काखेत आवळलेला, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, आणि पुढची बटणं काजांपासून इतकी लांब की भेट होणं शक्य नव्हतं. बाकी काम मात्र बघण्यासारखं होतं. कापड वाचवायला शिवणी नखाएवढ्या बारीक घेतल्या होत्या आणि त्या सुटू नयेत म्हणून प्रत्येकीवर हाताने दुहेरी टाके. तीन दिवसांचं काम होतं ते. शिकाऊ हात जीव लावून बसला की असे टाके पडतात. लिंकताईंना ते लगेच ओळखू आलं आणि मत्सर वाटला, हो, तेव्हासुद्धा मत्सरच.

"आजोबांचा आहे," चिमणी म्हणाली. "खिशात हात घातला की आजोबांचा वास येतो."

"काखेत टोचतंय ना गं? काढ बघू. मी नीट करून देते."

"नको."

"अगं, लहान होतोय तो तुला."

"होऊ दे," चिमणी म्हणाली आणि दोन्ही हात खिशात घालून आत निघून गेली. लिंकताईंच्या हातचे चाळीसेक फ्रॉक तिने आजवर घातले होते. एकासाठीही अशी अडून बसली नव्हती.

स्वयंपाकघरात विहीणबाई कपात चहा गाळत होत्या. सून आणि मुलगा बाहेरच्या खोलीत होते. लिंकताई कपाटातून बशा काढू लागल्या.

"कच्चा दोरा घालून बघितलं तेव्हा कळलं मला," विहीणबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, नीटस. "मग तो ब्लॉग पहिल्या पानापासून वाचून काढला. खरं तर आधीच वाचायला हवा होता. पुस्तक मधूनच उघडायचं नाही, असं मुलांना मीच सांगायचे."

लिंकताईंनी बशा मोजल्या. पाच होत्या. पुन्हा मोजल्या.

"दोन वर्षांपूर्वीचं एक पान आहे. खाली एकीनं विचारलंय, माझं जाकीट आवळ झालं, तुमच्या पॅटर्नमध्ये माया धरलेली नसते का? त्यांनी सविस्तर उत्तर दिलंय. विचारणारीचं नाव लिंकताई."

असं काही आपण तिथे लिहून ठेवलं आहे, हे लिंकताई पार विसरल्या होत्या. "जगात लिंकताई काय एकच असते?" त्या म्हणाल्या. आपल्याच कानाला ते कसंतरी लागलं.

"असेल दुसरी. तिचेही यजमान जाकीट बघून हसले, असं लिहिलंय तिनं."

चहा गाळून झाला. विहीणबाईंनी गाळणी ओट्यावर उपडी ठेवली.

"मी ओरडणार नाही," त्या म्हणाल्या. "कापड गेलं, त्याचंही मी बघून घेईन. माया धरलेली असणारच असं मी धरून चालले, ती चूक माझीच."

एवढं बोलून त्या ट्रे घेऊन बाहेर गेल्या. लिंकताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. लाज मात्र आली.

बाहेर मुलाने चिमणीचा कोटातला फोटो काढला होता आणि हौसेने सासूबाईंच्या मोबाइलवरून ग्रुपवर टाकूनही दिला होता. लिंकताई येऊन बसतात तोच त्यांच्या पर्समध्ये मोबाइल टुणटुणायला लागला. वा, काय टाके! टोपी किती गोड! मग ग्रंथपालबाई: "जरा आवळ झालाय का?" मग बसवाली: "माया राहिली वाटतं सोडायची. पण गुरुवारी लिंकताई तर म्हणाल्या की धरलेली असते?"

समोर विहीणबाई चहा पीत होत्या. त्यांनी आपला मोबाइल उचलला, काहीतरी लिहिलं आणि तो टेबलावर पालथा ठेवला. लिंकताईंच्या हातात ते उमटलं: "त्या ब्लॉगचं सगळं लिंकताईंना विचारा. माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे."

झालं. आता सगळ्याजणी त्यांच्याकडे वळल्या. लिंकताई, सांगा ना. लिंकताई, मी पण कापायला घेणार होते, थांबू का?

"माझी गल्लत झाली," लिंकताईंनी लिहिलं. सोपं होतं. कुणाचीही होते. विहीणबाईही पुढे काही बोलणार नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. त्यांनी ते पुसलं. मग लिहिलं, "थांबा. त्या पॅटर्नमध्ये माया धरलेली नाही. बोटभर सोडून कापा." हे पाठवलं.

लगेच ग्रंथपालबाई: "बरं झालं सांगितलंत! तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ता', एवढी दोन अक्षरं पुरली असती. ती लिहूनही झाली. लिंकताईंनी वर बघितलं. चिमणी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती आणि हात पुढे जाईना म्हणून कागदच जवळ ओढत होती. लिंकताईंनी दोन अक्षरं पुसली.

"दोन वर्षांपूर्वी," त्यांनी लिहिलं आणि पाठवून दिलं.

टुणटुण थांबली. मुलगा कुठल्याशा सामन्याबद्दल बापाशी बोलत होता. विहीणबाईंनी पालथा मोबाइल उलटवला, वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. लिंकताईंकडे त्यांनी बघितलं नाही.

"चिमणे," त्या म्हणाल्या, "कोट काढ. या आजीकडे दे."

चिमणी लगेच उठली. हूं नाही की चूं नाही. आवळ बाह्यांमधून एक हात सोडवला, दुसरा सोडवला आणि दोन्ही हातांनी उचलून कोट लिंकताईंच्या मांडीवर आणून ठेवला. तो अजून गरम होता. लिंकताईंनी काखेतल्या शिवणीवर अंगठा ठेवला, तेव्हा चिमणी गुडघ्याला टेकून अगदी जवळून बघत उभी राहिली.

"बिघडवायचा नाही हं," ती म्हणाली.